पहिला आला, एकटाच आला

एकटाच धावला आणि पहिला आला, हे आम्ही आजवर थट्टेत म्हणत होतो. दिल्लीने ते करून दाखवलं. सप्टेंबर 2023, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, दिल्ली राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेचा शेवटचा दिवस. पुरुषांच्या 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत आठ जण धावायचे होते. रेषेवर उभा राहिला एक. उरलेल्या सातांपैकी कुणाच्या पोटरीत गोळा आला, कुणाची मांडी धरली. साथ पसरायला कारण एवढंच झालं, की उत्तेजकं तपासणाऱ्या ‘नाडा’ या सरकारी संस्थेचे लोक मैदानात आल्याची बातमी पसरली. पूर्वीचे वैद्य नाडी पाहून रोग ओळखत. इथे नाडा पाहून रोग जडला.

त्याच स्पर्धेत स्टीपलचेसमधली एक ज्युनियर मुलगी शर्यत संपल्यावरही थांबली नाही. अंतिम रेषा ओलांडली आणि पळतच राहिली. मागे नमुना घेणारे. तिचा तो दुसरा टप्पा कुणी घड्याळ लावून मोजला नाही, याची हळहळ वाटते. स्वच्छतागृहात सिरिंजा पडलेल्या होत्या, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. म्हणजे मैदानात खेळाडू नव्हते, तरी त्यांची तयारी मात्र हजर होती.

लोक पळतात त्यात नवल नाही. नमुना देणं हा काय प्रकार आहे ते एकदा समजून घ्या. सदरा छातीपर्यंत वर, बाह्या कोपरापर्यंत, विजार गुडघ्यापर्यंत खाली, आणि एक अनोळखी माणूस डोळ्यांत तेल घालून बघत उभा. नाडासमोर नाडा सोडायचा आणि किमान 90 मिलिलिटर भरून द्यायचं. कमी पडलं तर पाणी पीत बसा. कप जिंकायला आलेली मंडळी कप बघून पळतात, ती यामुळे.

सापडल्यावर मात्र खेळाडू फार कुटुंबवत्सल होतो. एकत्र कुटुंबपद्धती मोडली म्हणणाऱ्यांनी उत्तेजकांच्या सुनावण्या वाचाव्यात. क्रिकेटपटू शेन वॉर्नला 2003च्या विश्वचषकाआधी अंगाशी आलेली ती गोळी दिली कुणी? आईने, बारीक दिसावा म्हणून. इटलीचा सायकलपटू सिमोनी याच्या अंगात कोकेन आलं ते आत्याबाईंनी पेरूहून आणलेल्या गोळ्यांतून. आणि तो सुटलाही. अमेरिकेचा धावपटू डेनिस मिचेल याचं टेस्टोस्टेरॉन 1998मध्ये वाढलेलं निघालं. त्याने सांगितलं, आदल्या रात्री पाच बाटल्या बिअर झाली आणि बायकोशी चार वेळा समागम. तिचा वाढदिवस होता, तिला काहीतरी खास द्यायलाच हवं होतं. देशातल्या संघटनेने ते मान्यही केलं, जागतिक संघटनेने नाही. सायकलपटू टायलर हॅमिल्टनच्या रक्तात दुसऱ्याचं रक्त सापडलं तेव्हा जन्मापूर्वीच विरून गेलेलं जुळं भावंड पुढे करण्यात आलं. न जन्मलेल्या भावावर आळ घेण्याइतका भाऊबंदकीत आपणही पुढे गेलो नव्हतो.

आपल्याकडे घरच्यांऐवजी औषधाची बाटली उपयोगी पडते. विरारचा पृथ्वी शॉ 2019मध्ये टर्ब्युटलिनमुळे सापडला. ते स्टेरॉइड नव्हे, खोकल्याच्या औषधात असतं, आणि खोकल्यासाठीच घेतलं हे क्रिकेट बोर्डाला पटलंही. आम्हालाही पटलं. पटली नाही ती शिक्षेची तारीख. आठ महिन्यांची बंदी जाहीर झाली जुलैअखेर आणि लागू झाली मार्चच्या मध्यापासून. त्यातला काही भाग तो आयपीएल खेळत भोगून मोकळा झाला होता! असा तुरुंग मिळणार असेल तर आम्हीही खोकायला तयार आहोत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोर्डाने नाडाला आपल्या अंगणात पाऊल टाकू दिलं. तोवर क्रिकेटपटूंची तपासणी बोर्डच आपल्या पद्धतीने करवून घेत असे.

उत्तेजकांविरुद्धची जागतिक संस्था ‘वाडा’ हिच्या 2023च्या आकडेवारीत, 5 हजारांहून अधिक नमुने तपासलेल्या देशांत दोषी नमुन्यांचं प्रमाण भारताचं सर्वांत जास्त, 3.8 टक्के. पदकतालिकेत आपण वर यावं अशी इच्छा होती, तर कुठल्यातरी तालिकेत तरी आलो.

तालमीत पूर्वी वस्ताद विचारायचे, ‘‘खुराक काय?’’ उत्तर शेरात यायचं: दूध, तूप, बदामाची थंडाई. आमच्या गल्लीतल्या जिममध्ये हल्ली उत्तर मिलिग्रॅममध्ये येतं. ‘‘कोर्स चालूये’’ म्हणतात. आम्हाला आधी कॉम्प्युटरचा वाटला.

परवा पहाटे मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा भेटला. छाती 79 सेंटिमीटर लागते, फुगवून आणखी पाच. महिन्याभरात दंड नारळासारखे झाले होते, तोंडावर मुरुमं, आणि चौथ्या फेरीलाच धाप. ‘‘बाळा, सुई टोचतोस का रे?’’ विचारलं. तो गुडघ्यांवर हात टेकून हसला.

‘‘काका, फुगवून पाच वाढली पायजे, एवढंच लिहिलंय जाहिरातीत. कशानं फुगवायची, ते कुठंय?’’