हाडमास्तर

पुरातत्त्वाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक असतो, डिजिटल व्हर्नियर असतो, उत्खननातली माती धुऊन जळके दाणे वर आणणारी टाकी असते आणि एक हाडमास्तर असतात. पहिल्या तिन्हींसाठी निविदा काढता येते.

हाडमास्तरांचं राज्य म्हणजे भिंतभर खणांचं कपाट. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, कुत्रा. प्रत्येकाचा सांगाडा सुटा केलेला, हाडाहाडावर काळ्या शाईने क्रमांक. शिरूर तालुक्यातल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मिळालेला तुकडा कुणाचा, हे अशा ओळखीच्या हाडाशेजारी ठेवूनच ठरवतात. त्यामुळे मास्तर कायम नव्या मढ्याच्या शोधात. "आमची म्हातारी शेळी गेली हो," असं कुणी म्हटलं की सांत्वनाआधी प्रश्न येतो, "पुरली कुठे?" रस्त्यात मेलेलं मुंगूस मात्र नुसतं हळहळत बघायचं. १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. वनखात्याची परवानगी हवी.

मटणाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसू नये. आपण नळी फोडायला घेतली की ते कळवळतात, "अहो, टोक! टोक मोडू नका!" शेळी की मेंढी हे कळलं तर सांध्याकडच्या टोकावरून कळतं, मधल्या नळीवर कुणाचं नाव नसतं. ब्रॉयलरही त्यांना नामंजूर, पण चवीमुळे नव्हे. पाच-सहा आठवड्यांत कापलेली कोंबडी, हाडांची टोकं जुळलेलीच नसतात. "बाळ आहे हो हे," रस्सा ओरपत ते म्हणतात. घरातला एक कुकर त्यांनी प्रयोगशाळेत नेला होता. तो परत आला नाही. येऊ दिला गेला नाही.

हल्ली मास स्पेक्ट्रोमीटर चिमूटभर भुकटीतल्या कोलॅजेनवरून शेळी-मेंढी वेगळी सांगतो. "आपल्या उन्हाळ्यात कोलॅजेन टिकतंय कुठे?" मास्तर म्हणतात, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. एकदा मात्र टिकलं. मास्तरांनी 'शेळी' लिहिलेला तुकडा यंत्राने मेंढीचा ठरवला. "यंत्र तपासून घ्या," म्हणत त्यांनी दार लावून सगळे खण उपसले. संध्याकाळी नवी चिठ्ठी लागली: 'मेंढी. संशय होताच.'

तुमच्याकडे गावरान कोंबड्याचा बेत असेल तर त्यांना जरूर बोलवा. फक्त पाहुण्यांना हाडं चावू देऊ नका, आणि कुत्रा बांधून ठेवा.