भीड आणि कचरा

मराठी माणसाच्या घरातला निम्मा कचरा गरजेपोटी येत नाही, भिडेपोटी येतो. दुकानदाराने पुढे केलेली पिशवी नाकारली तर त्याला काय वाटेल, लग्नात पाण्याची बाटली परत दिली तर वरमाईला काय वाटेल, आणि हॉटेलातली शाम्पूची पुडी तशीच ठेवून आलो तर रात्री आपल्याला झोप कशी लागेल! ‘भीड ही भिकेची बहीण’ असं पूर्वज सांगून गेले. ती कचऱ्याची सख्खी आई आहे, हे सांगायचं राहिलं, कारण त्यांचं बहुतेक सगळं परसातच जिरत होतं.

माझ्या मावशीला देवाने भीड दिलेलीच नाही. म्हैसूरहून हुणसूरला जाणाऱ्या रस्त्यावर येलवाल लागतं. काकांच्या नोकरीमुळे ती तिथे गेली आणि ते निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिली. संक्रांतीच्या सुमारास आम्ही पुण्याहून तिच्याकडे गेलो, तेव्हा ‘प्रवास कसा झाला’ हा प्रश्न नंतर आला. आधी आला, “हातात काय आहे?” तिच्या घरचा कायदा असा, की एखादी वस्तू बाहेर कशी जाणार हे ठरल्याशिवाय ती उंबरठा ओलांडत नाही.

माझ्या नवऱ्याने तिला खूश करायला खास पर्यावरणस्नेही भेट आणली होती. बांबूचे टूथब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ, काथ्याचा घासणा. प्रत्येक वस्तू वेगळ्या खोक्यात, खोक्यावर प्लास्टिकचा कागद, आणि सगळं मिळून एका चकचकीत पिशवीत, जिच्यावर झाड काढलेलं. मावशीने वस्तू एकीकडे आणि वेष्टणं दुसरीकडे असे दोन ढीग घातले. वेष्टणांचा ढीग मोठा झाला.

“आणि या नळ्या कशाला?”

“शहाळं प्यायला, मावशी.”

“का? तोंडाला काय झालंय?”

येलवालला सोडून देण्याची थोर परंपरा आहे. २१ आणि २२ सप्टेंबर १९५७ रोजी इथे ग्रामदान परिषद भरली. आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा देशभर पायी फिरून जमीन मागत होते. त्यांचं म्हणणं ऐकायला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू, जयप्रकाश नारायण आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपाद अशी एरवी एका ओळीत न बसणारी मंडळी या खेड्यात जमली होती. गावाने जमिनीची खासगी मालकीच सोडावी, असा विषय. मावशी हा इतिहास प्रत्येक पाहुण्याला ऐकवते आणि शेवटी विचारते, “इथे जमिनी सोडायच्या गोष्टी झाल्या, आणि तुम्हाला एक पिशवी सोडवत नाही?” भूदानाचा इतका घरगुती उपयोग खुद्द विनोबांना सुचला नसता. अर्थात सफाईखातं त्यांना परकं नव्हतं. पवनारला असताना ते खांद्यावर फावडं टाकून सुरगावला मैला साफ करायला जात. तिकडे कणकवलीला गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत करून दाखवलं. आम्हाला केळ्याची साल डब्यात टाकताना नाक मुरडावं लागतं.

मावशीबरोबर म्हैसूरच्या देवराज मार्केटात जाणं म्हणजे भिडस्त माणसाला शिक्षाच. तिने प्लास्टिकची पिशवी परत केली की मी दुसरीकडे बघत उभी राहायचे. पण फुलवाल्यांनी तिला कधीच ओळखलेलं. ती लांबून दिसली, की मोगरा हातभर मोजून केळीच्या पानात बांधून तयार. कॉफीच्या दुकानात नवऱ्याने फिरता फिरता पिता यावी म्हणून कागदी कप मागितला. मावशी म्हणाली, “बसून कॉफी प्यायला वेळ नाही, तर सुट्टी कशाला घेतलीस?” त्याने निमूटपणे स्टीलच्या पेल्यातून कॉफी घेतली. जीभ भाजली, पण कचरा झाला नाही.

म्हैसूर २०१६च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं आलं होतं, हे ऐकून नवऱ्यातला पुणेकर दुखावला. “आमच्याकडेही ओला-सुका वेगळा करतात,” तो म्हणाला. “करा की,” मावशी म्हणाली, “पण उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा, वर्षानुवर्षं त्यांच्या दारात काय येऊन पडलं ते.” यावर पुण्यात उत्तर असतं, येलवालमध्ये सुचलं नाही.

मग आम्ही उटीला निघालो. निलगिरी जिल्ह्यात प्लास्टिकच्या बाटल्यांना बंदी आहे आणि नाक्यावर गाड्या तपासतात, हे मावशीने सांगून ठेवलं होतं. तरी नवऱ्याने खबरदारी म्हणून बाटल्यांचा अख्खा गठ्ठा डिकीत ठेवला. बंदीपूरचं जंगल संपून तमिळनाडूच्या नाक्यावर तो उघड्यावर आला. बाटल्या जाणार हे कळताच त्याचे मध्यमवर्गीय संस्कार जागे झाले. विकतचं पाणी फुकट कसं घालवायचं? त्याने तिथेच उभ्या उभ्या जमेल तेवढं पिऊन टाकलं. पुढे मुदुमलाईचं जंगल सुरू होतं, आणि तिथे वाटेत गाडी थांबवायला मनाई आहे. त्या प्रवासात त्याने हत्ती, हरणं, मोर काहीही पाहिलं नाही. तो फक्त किलोमीटरचे दगड पाहत होता.

परतल्यावर मावशीचं हळदीकुंकू होतं. आपल्याकडे संक्रांतीचं वाण म्हणजे प्लास्टिकची डबी. ती या घरून त्या घरी जाते, पुढच्या वर्षी फिरत फिरत मूळ मालकिणीकडे येते, आणि तीही भिडेपोटी “अय्या, किती छान” म्हणते. त्या मानाने कानडी शेजारणींचं एळ्ळु-बेल्ल शहाणं. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, वर उसाचं कांडं आणि साखरेच्या बाहुल्या. खाऊन संपवलं की उरतं ते उसाचं चिपाड, ते गाय खाते.

मावशीने बायकांना आपापली डबी आणायला सांगितलं होतं. हळदीकुंकू लावून, अत्तर-गुलाबपाणी करून तिने प्रत्येकीच्या डबीत वाण घातलं. काळंभोर, भुसभुशीत, घरच्या ओल्या कचऱ्याचं खत! क्षणभर सगळ्या स्तब्ध. पण सवाष्णीने दिलेलं वाण नाकारायची कुणाची छाती? एकेकीने हसून डबी मिटली आणि “अय्या, किती छान” म्हटलं.

सगळ्या गेल्यावर मी म्हटलं, “मावशी, तुला खरंच कशाची भीड नाही.”

“मला कशाला हवी?” ती म्हणाली. “त्यांना आहे की!”