चिठ्ठीकाका

आमच्या सोसायटीजवळच्या सुपरमार्केटमध्ये कुठलीही वस्तू बिनबोभाट मिळते. पाच किलो साखर उचला, घरात कोणाला डायबिटीस आहे का असं कोणी विचारत नाही. संडास साफ करायचं ॲसिड घ्या, वर हसून पिशवी हवी का विचारतात. गाडं अडतं ते फक्त शेवटच्या कोपऱ्यात, डिटर्जंटच्या रांगेपलीकडे. तिथे काचेच्या आत औषधांचं काउंटर आहे आणि काउंटरमागे, कोटाच्या खिशाला तीन पेनं लावून, चिठ्ठीकाका उभे असतात.

त्यांचं खरं नाव मागच्या भिंतीवर, लायसन्सशेजारच्या नोंदणी प्रमाणपत्रावर आहे. ते कोणी वाचलेलं नाही. नजर तिथवर पोचायच्या आत काकांचा हात पुढे येतो, ‘‘चिठ्ठी?’’

औषधांच्या किरकोळ दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा लागते, असा नियम आहे. मालकाने मोजून तेवढीच दिली आहे आणि काकांनी तिचं संस्थान केलंय. बाहेर ऑफर्सचं राज्य, आत १९४५ सालच्या नियमांचं. मॅनेजर पंचविशीतला, नुकताच एमबीए झालेला. त्याने एकदा हौसेने काउंटरवर ‘दोन घ्या, तिसरं मोफत’ अशी पाटी लावली. काकांनी ती काढून त्याच्या हातात दिली आणि विचारलं, ‘‘तिसरं काय मोफत? जुलाब?’’

खरं युद्ध पेटलं ते फ्रिजवरून. काकांच्या फ्रिजचं तापमान दोन ते आठ अंशांच्या मधेच राहायला हवं. ते दिवसातून दोनदा थर्मामीटर वाचून आकडा वहीत टिपतात. वीज गेली की काकांचंच तापमान वाढतं. तर एका मे महिन्यात काउंटरवरच्या पोऱ्याने तिथे आम्रखंडाचा डबा ठेवला. नेमका इन्सुलिनच्या शेजारी! काकांनी तो डबा सुतकातल्या माणसासारखा दोन बोटांनी बाहेर काढला आणि म्हणाले, ‘‘अरे, रोग आणि औषध एका कप्प्यात?’’ पोऱ्या अजून फ्रिजसमोरून जाताना मान खाली घालतो.

गिऱ्हाइकंही कमी नाहीत म्हणा. एकजण ‘‘बीपीची ती छोटी गुलाबी’’ मागतो. काका शांतपणे सांगतात की गुलाबी कपाटभर आहेत, त्यातल्या काही बीपी उतरवतात आणि एखादी तुम्हालाही उतरवेल. सी विंगमधल्या वहिनींनी मोबाइलवर नागपूरच्या बहिणीची चिठ्ठी दाखवली. ‘‘त्रास सेम आहे हो. शेवटी रक्त एकच ना?’’ काका म्हणाले, ‘‘मग डॉक्टरकडेही तिलाच पाठवा.’’

निवृत्त हेडक्लार्क तर झोपेच्या गोळ्यांवरून भांडले. त्या गोळ्या ‘शेड्युल एच-वन’मधल्या. डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध कुठलं, किती दिलं, हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये उतरवायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं, एफडीएचा इन्स्पेक्टर मागेल तेव्हा दाखवायचं. ‘‘मी काय गुन्हेगार आहे नाव लिहून घ्यायला?’’ हेडक्लार्क कडाडले. काका लिहितालिहिता म्हणाले, ‘‘तीन वर्षं जपून ठेवतो तुमचं नाव. इतकं हल्ली मुलंही जपत नाहीत.’’ हेडक्लार्कांना पटलं बहुधा, कारण त्यांनी वाकून स्वतःच्या आडनावातली वेलांटी दुरुस्त करून घेतली.

मीही यातून सुटलो नाही. घसा धरला होता. ‘‘अँटिबायोटिक द्या.’’

‘‘कुठलं?’’

‘‘कुठलंही. चांगलंसं.’’

‘‘चांगलंसं? हापूस आहे का?’’ मग ताप किती, गिळताना दुखतं का, किती दिवस, अशी उलटतपासणी झाली. शेवटी निकाल लागला, ‘‘गुळण्या करा. मीठ तिसऱ्या रॅकवर, खालच्या फळीला. तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरला दाखवा आणि मग या.’’ मी मिठाचा पुडा घेऊन बाहेर पडलो. काकांच्या काउंटरवरून मिठाचा खप किती होतो, हे मॅनेजरला कळत नाही. औषधांचा किती होत नाही, ते मात्र त्याला पक्कं कळतं.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी चिडून चौकातल्या दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने कानातली वायर न काढता अर्ध्या मिनिटात पाच गोळ्या कापून दिल्या. घरी येऊन बघतो तर एक्स्पायरी छापलेला तुकडा पट्टीसकट त्याच्याकडेच राहिलेला. त्या गोळ्या अजून ड्रॉवरमध्ये आहेत. घ्यायची छाती होत नाही आणि टाकायला पैसे आठवतात.

काका पट्टी कापतात ते बघण्यासारखं असतं. आधी चष्मा कपाळावर, मग पट्टी उजेडाकडे. कात्री उलट्या टोकाने, म्हणजे तारखेचा तुकडा शेवटच्या गोळीपर्यंत दुकानात शिल्लक राहील. आणि तुमच्या वाट्याच्या गोळ्या कागदी पाकिटात घालून पाकिटावर औषध, बॅच नंबर, महिना-वर्ष, सगळं मराठीत, वळणदार अक्षरात. ही सवय घरीही गेलीय असं ऐकतो. त्यांच्याकडच्या गोड्या मसाल्याच्या बरणीवर म्हणे तारीख आहे आणि खाली ‘लहान मुलांपासून दूर ठेवा.’

गेल्या पावसाळ्यात शनिवारी संध्याकाळी डी विंगचे आजोबा संधिवाताची नवी चिठ्ठी घेऊन आले. मागे मोठी रांग. माझ्या पुढच्या माणसाच्या ट्रॉलीत आइस्क्रीमचा फॅमिली पॅक. काकांनी चिठ्ठी वाचली, परत वाचली, भिंगातून वाचली. ‘‘ही गोळी कशी घ्यायला सांगितलीय?’’

‘‘रोज एक,’’ आजोबा ठामपणे म्हणाले. ‘‘दुखतं रोज, तर गोळीही रोजच असणार.’’

काकांनी कात्री खाली ठेवून डॉक्टरांना फोन लावला. फोन लागेना. रांग कुरकुरली. आइस्क्रीमवाला हातातल्या डब्याकडे, मग काकांकडे बघू लागला. चौथ्यांदा फोन लागला. गोळी मेथोट्रेक्सेटची, आणि आठवड्यातून एकदाच.

‘‘रोज घेतलीत,’’ काका आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘तर हाडांच्या आतला रक्ताचा कारखाना बंद पडतो. माणूस जातो.’’ रांगेतली कुरकुर थांबली. ‘‘आणि ही दुसरी फॉलिक ॲसिडची. तीही पिवळी, तीही एवढीशीच. म्हणून वेगळ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी. आता पहिलीचा वार ठरवा. डॉक्टर म्हणाले कुठलाही चालेल, पण ठरला की बदलायचा नाही. सोमवार?’’

‘‘सोमवारच का?’’

‘‘लक्षात राहतो. शंकराचा वार.’’

‘‘मी नास्तिक आहे,’’ आजोबा ताठ झाले. हे खरं आहे. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी ते दरवर्षी निषेध नोंदवून देतात.

‘‘तुम्ही असाल. गोळीला सोमवार लागतो. दिवसा उपास करा, रात्री जेवलात की गोळी. भूक लागली की आपोआप आठवेल.’’ आणि पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं : फक्त सोमवारी. वर दुकानाचा शिक्का आणि तारीख.

आइस्क्रीमवाल्याने डबा परत नेऊन दुसरा, घट्ट आणला आणि रांगेत पुन्हा शेवटी उभा राहिला.

तेव्हापासून नास्तिक आजोबा दर सोमवारी साबुदाण्याची खिचडी खातात. आजी देवासमोर जादा निरांजन लावतात. त्यांच्या मते म्हातारपणी का होईना, माणूस मार्गाला लागला. आजोबांनी खुलासा केलेला नाही. फक्त रात्री साडेआठला फोन वाजतो आणि पलीकडून काकांचा आवाज येतो, ‘‘काय, सोमवार सोडलात का?’’

‘‘सोडला,’’ आजोबा म्हणतात आणि आजी स्वयंपाकघरातून हात जोडतात.