बारएंड आरसे : निवड व प्रतिष्ठापना

हँडलच्या टोकाला आरसे बसवायचे ठरले, की पहिली पायरी खरेदीची नसते. कारण शोधण्याची असते. आरसे कुठल्यातरी फोटोत पाहून मनात कधीच पक्के झालेले असतात. आता घरच्यांना, पार्किंगमधल्या मित्रांना आणि स्वतःला सांगता येईल असे एक गंभीर, तांत्रिक आणि खर्चाला पुरून उरेल असे कारण लागते. सुदैवाने स्पोर्ट बाइक बनवणाऱ्यांनी ते गाडीसोबतच दिलेले असते. फेअरिंगला लावलेल्या मूळ आरशांत मागचा रस्ता कमी आणि स्वतःची कोपरे जास्त दिसतात. टाकीवर वाकून बसले की कोपरे बाहेर येतात आणि आरसा नेमका त्यांच्याकडेच तोंड करून असतो. मागे एसटी आहे की टँकर, हे पाहायचे तर आधी अंग चोरावे लागते. हँडलचे टोक मात्र कोपराच्याही बाहेर असते, तिथून मागे पाहताना मध्ये स्वार येत नाही. म्हणून ‘मला मागचं दिसत नाही’ हे वाक्य पाठ करून ठेवावे. ते पूर्णपणे खरे आहे. इतक्या खऱ्या कारणासाठी इतक्या वेगळ्याच हेतूने होणारी खरेदी दुसरी क्वचितच सापडेल.

तरीही कोणी ‘ही कसली नवी थेरं’ म्हटलेच, तर परंपरा पुढे करावी. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली सुरू झालेल्या एस कॅफेपाशी साठच्या दशकात जी पोरे मोटारसायकली घेऊन जमत, त्यांनी उंच हँडले काढून खाली क्लिप-ऑन लावण्याचा ध्यास घेतला. बारएंड आरशांचे घराणे तिथपर्यंत नेता येते. समोरचा एवढ्यानेही नमला नाही तर घरचे उदाहरण द्यावे. २०२३ साली आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होते आणि तिथूनच बारएंड आरसे लावून बाहेर पडते. ती स्पोर्ट बाइक नसून रोडस्टर आहे, हा तपशील वादात आणू नये.

कारण पक्के झाल्यावर पुण्यातल्या वाचकाने नाना पेठ गाठावी. दुकानदार काउंटरवर जोड मांडत जाईल: गोल, षट्कोनी, टोकदार, निळ्या काचेचे, कडेने सोनेरी पट्टी असलेले. जो जोड प्रथमदर्शनी आवडेल तो बाजूला ठेवून बाकीचे पाहावेत. निळ्या काचेत दिवसा रस्ता निळा दिसतो आणि रात्री दिसत नाही. टोकदार आरशाचे टोक फार सुंदर असते, पण टोकात मावेल इतकी अरुंद गाडी अजून कोणी बनवलेली नाही.

आणि खिशात सहा इंची पट्टी असावी. युरोपात लागू असलेला संयुक्त राष्ट्रांचा ८१ क्रमांकाचा नियम सांगतो, की मोटारसायकलच्या गोल आरशाचा व्यास ९४ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा आणि परावर्तक भाग किमान ६९ चौरस सेंटीमीटरचा असावा. काउंटरवरचे देखणे जोड पट्टीला लावले की पुष्कळांचा व्यास ७५ मिलिमीटरच्या आसपास भरतो. दिसायला फरक किरकोळ; क्षेत्रफळ मात्र ४४ चौरस सेंटीमीटरवर येते. व्यास पाचव्या हिश्शाने घटला आणि रस्ता एकतृतीयांशाहून जास्त गेला. उलट नियमाप्रमाणे मोठा आरसा लावला, की भजनी मंडळाने गाडीच्या हातात टाळ दिल्यासारखे दिसते. इथे माणसाची खरी परीक्षा आहे. या मार्गदर्शकाचे मत विचाराल तर टाळ घ्यावेत. ते कोणी घेत नाही, हेही मार्गदर्शकाला ठाऊक आहे.

काच बहिर्वक्र आहे ना, हे बोटाने नव्हे, डोळ्याने पाहावे. बहिर्वक्र काच थोड्या जागेत जास्त रस्ता दाखवते आणि त्याची किंमत अंतरात वसूल करते. वरच्याच नियमात वक्रतात्रिज्या १,००० ते १,५०० मिलिमीटर सांगितली आहे. मधली १,२०० धरा, डोळा आरशापासून दोन फुटांवर धरा आणि एसटी ३० मीटर मागे. सपाट आरशाच्या मानाने ती जवळपास निम्मी दिसते, म्हणजे मेंदू तिला ६० मीटर लांब समजून निर्धास्त होतो. एसटीच्या चालकाला खरे अंतर माहीत असते, पण तो ते हॉर्नखेरीज कशाने सांगत नाही. तेव्हा लेन बदलण्यापूर्वी मान वळवून खांद्यावरून एकदा पाहावेच. हेल्मेटच्या आत कोणता चेहरा केला ते कोणाला दिसत नाही.

आता मोजमाप. हँडलच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुधा २२ मिलिमीटर असतो आणि ते कळून काही उपयोग नसतो, कारण आरसा आतल्या भोकात बसतो. आतला व्यास गाडीगणिक बदलतो. काही गाड्यांत तर भोकाऐवजी आटे पाडलेली लोखंडी गुल्ली असते आणि तिला तिच्याच मापाचा बोल्ट लागतो. म्हणून मूठ सरकवून व्हर्नियरने आतून मोजावे. ‘युनिव्हर्सल आहे, सगळ्याला बसतं’ असे दुकानदार म्हणाला तर नम्रपणे मान डोलवावी आणि पुन्हा मोजावे.

जुने आरसे काढण्यापूर्वी त्यांच्या पोटात काय आहे ते पाहावे. केटीएम आरसी ३९० च्या पहिल्या आवृत्तीत पुढचे इंडिकेटर आरशांतच बसवलेले आहेत. उत्साहाच्या भरात आरसे उतरवले, की डावीकडे वळायचा आपला निर्णय समोरच्यांना कळवायला फक्त हात उरतो. अशा गाडीला आधी वेगळे इंडिकेटर लावावेत. वायर पकडीने तोडू नये, सॉकेटमधून सोडवावी. दुसरे असे, की फेअरिंगवरच्या आरशाचे बोल्ट पुष्कळदा आरशाबरोबर फेअरिंगही धरून ठेवतात. ते काढून भोके तशीच सोडली तर ताशी ६० नंतर गाडीचे तोंड वटवट करू लागते. तिथे रबरी वायसर घालून कमी लांबीचे बोल्ट परत आवळावेत. भोके झाकायला काळ्या पट्ट्या मिळतात. काहींची किंमत ऐकल्यावर भोकेच बरी वाटतात.

मग हँडलच्या टोकाची वजने. धातूचे हे लहानसे गोळे शोभेचे नसतात. सहा हजार आरपीएमला इंजिन सेकंदाला १०० वेळा फिरते आणि एकसिलिंडर गाडीत ती थरथर हँडलपर्यंत येते. टोकाचे वजन हँडलची स्वतःची कंपनसंख्या खाली आणते, त्यामुळे नेहमीच्या वेगात दोन्ही कंपने एकमेकांच्या सुरात सूर मिसळत नाहीत. वजन काढून तिथे पोकळ, हलका आरसा लावला की हे संगीत सुरू होते. आरशात मागची गाडी तिहेरी दिसते आणि अर्ध्या तासात करंगळ्यांना मुंग्या येतात. तेव्हा वजन कायम ठेवून त्याभोवती कडे आवळणारा, नाहीतर स्वतःच जड असलेला आरसा निवडावा.

ते मूळ वजन सहज निघेल अशा भ्रमात राहू नये. कारखान्यात त्या स्क्रूला चिकटद्रव्य लावलेले असते. चुकीच्या मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने दोन झटके दिले की स्क्रूचे डोके गोल होते आणि मेकॅनिक त्या डोक्याकडे व आपल्या डोक्याकडे सारख्याच नजरेने पाहतो. बरोबर मापाची बिट घट्ट बसवावी, तिच्यावर हातोडीचा हलका ठोका द्यावा, हीट गनने थोडे तापवावे आणि मग एकाच निश्चयाने फिरवावे. काही गाड्यांत स्क्रूबरोबर आतले वजनच गोल गोल फिरत राहते. त्या वेळी शेजाऱ्याने ‘उलटं फिरवून बघ’ असे सुचवले तर त्याला चहाला पाठवावे.

बसवण्याची क्रिया सोपी आहे, म्हणूनच ती घाईत बिघडते. आरशाच्या दांड्याला एक चिरलेली नळी किंवा रबराचा बूच असतो. एलन की फिरवली की आतली पाचर ओढली जाते, बूच फुगतो आणि भोकाला आतून घट्ट धरतो. भोकात ग्रीस असेल तर स्पिरिटच्या फडक्याने पुसावे, नाहीतर आरसा धरल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्याला जमिनीकडे पाहू लागतो. पुण्यात जमिनीकडे पाहणे अगदीच वाया जात नाही, पण त्यासाठी पैसे मोजलेले नसतात. आवळतानाही मर्यादा पाळावी. जिवाच्या आकांताने फिरवले तर रबर फाटते, आटे जातात, आणि क्लिप-ऑनची नळी ॲल्युमिनियमची असल्याने तीही रुसते. आट्यांना थ्रेडलॉक लावायचेच तर निळे लावावे. लाल लावणाऱ्याने हा आरसा पुढच्या पिढीला द्यायचा आहे असे समजावे.

उजव्या बाजूला थट्टा थांबवावी. रेसची नळी हँडलवर मोकळी फिरली पाहिजे. आरशाचे बूड या नळीला किंवा मुठीच्या रबराला टेकले तर दिलेली रेस परत येत नाही, आणि ही गोष्ट नेमकी वळणावर कळते. मध्ये एक-दोन मिलिमीटर फट ठेवावी. मूठ टोकाला बंद असेल तर तिचे तोंड नीट गोल कापावे. इंजिन बंद ठेवून हँडल सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे असताना रेस पिळून सोडून पाहावी. तिन्ही वेळा ती ‘टक्’ आवाज करून जागेवर आली पाहिजे. त्याच वेळी आरसा टाकीला, फेअरिंगला, गुडघ्याला किंवा क्लच लिव्हरवरच्या बोटांना लागत नाही ना, हेही पाहून घ्यावे. लागत असेल तर आरसा कितीही महागाचा असला तरी तो या गाडीचा नव्हे.

आरशाचा कोन उभे राहून लावू नये. स्पोर्ट बाइकला मधला स्टँड नसतो, त्यामुळे एका मित्राला मागून गाडी धरायला लावावी, पाय फूटपेगवर घेऊन नेहमीसारखे वाकून बसावे आणि क्षितिज आरशाच्या मधोमध येईल असे फिरवावे. स्वतःच्या दंडाची बारीकशी कड दिसत राहिली तर अंतराचा अंदाज येतो; त्याहून जास्त दंड दिसू लागला तर तो व्यायामशाळेचा प्रश्न आहे. मित्र मागे उभा असताना तोच आरशात दिसतो, म्हणून कोन बरोबर आहे असे समजू नये.

यानंतर गाडी दोन्ही बाजूंनी चार-चार बोटे रुंद झालेली असते, आणि हे सिग्नलवर मोटारींच्या मधल्या फटीत शिरल्यावर लक्षात येते. क्लिप-ऑनची टोके साधारण मोटारींच्या आरशांच्याच उंचीला येतात, त्यामुळे दोन आरशांची भेट अटळ असते. दुमडणारा सांधा असलेला आरसा घ्यावा आणि फटीत शिरण्यापूर्वी तो दुमडून नव्हे, शिरायचे टाळूनच त्याचे आयुष्य वाढवावे. पार्किंगमध्ये मात्र तो आत वळवून ठेवावा. तसाच बाहेर राहिला तर येणारी-जाणारी मंडळी त्यात भांग पाडतात, टिकली सरळ करतात, आणि जाताना आरसा आपल्या उंचीला लावून जातात.

कायद्याचे सांगायचे तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या मनमानी बदलांना मनाई आहे. हवालदाराने थांबवले तर त्याला एस कॅफेची परंपरा सांगू नये. आरसे दोन्ही बाजूंना आहेत, हलत नाहीत आणि मागचे दाखवतात, एवढे त्याला त्यात स्वतः पाहू द्यावे.

जुने आरसे भंगारात देऊ नयेत. बोल्ट एका पिशवीत घालून, पिशवी आरशालाच बांधून माळ्यावर ठेवावी. गाडी विकायला निघाली की गिऱ्हाईक पहिला प्रश्न ‘ओरिजिनल आरसे आहेत का?’ हाच विचारते. ते माळ्यावरून काढून द्यावेत आणि बारएंडचे वेगळे पैसे मागून पाहावेत. तो ते देणार नाही. त्याने स्वतःचे आधीच फोटोत पाहून ठेवलेले असतात, ७५ मिलिमीटरचे, निळ्या काचेचे.