पोस्टमास्तर

कुणी नवी वेबसाइट दाखवली की चारचौघं आधी फोटो बघतात. आमचे पोस्टमास्तर तिच्या पत्त्यापुढे एक तिरकी रेघ मारून 'बटाटा' टाइप करतात. बँक असो, देवस्थान असो, त्यांना असलेल्या पानात रस नाही. नसलेलं पान मागितल्यावर काय होतं ते बघायचं असतं. सख्ख्या पुतणीच्या लग्नाच्या वेबसाइटवर घरदार मेंदीचे फोटो बघत होतं, तेव्हाही हे कोपऱ्यात बटाटा शोधत होते. "अगं, पानावर 'सापडलं नाही' लिहिलंयस आणि कोड २०० पाठवतेयस! तोंडाने नाही म्हणायचं आणि मान होकारार्थी हलवायची! गूगलने काय समजायचं?" पुतणीने त्यांना जेवायला बसवलं.

पोस्टमास्तर हे नाव ऑफिसातल्या पोरांनी पाडलेलं, समोर 'सर'. "पत्ता म्हणजे दिलेला शब्द," हे त्यांचं दिवसातून तीनदा. टिम बर्नर्स-लीने १९९८ मध्येच पत्ते बदलू नका म्हणून लिहून ठेवलंय, हेही ते ज्ञानेश्वरीचा दाखला द्यावा तसं सांगतात.

एकदा एका नव्या पोराने जँगो या वेब-फ्रेमवर्कच्या यूआरएलच्या यादीत 'काहीही चालेल' असा नमुना सगळ्यात वर ठेवला. संपर्काचं पान गायब. पोरगं रात्री दहापर्यंत टेम्प्लेट उसवत बसलं. पोस्टमास्तर आले, यादीकडे बघितलं. "बाळा, हा जँगो वरून खाली बघत येतो आणि पहिलं स्थळ जुळलं की अक्षता टाकून मोकळा होतो. खाली सोन्यासारखं स्थळ असलं तरी बघायला जात नाही. 'काहीही चालेल'वाल्याला शेवटी बसव." दोन ओळी खालीवर केल्या, संपलं. पोराची झोप गेली ती गेलीच.

"सर, मी केलेलं 'सापडलं नाही'चं ४०४ पान दिसतच नाही," असं कुणी म्हणालं की ते मान वर न करता एवढंच विचारतात, "डीबग?" तो चालू असेल तर जँगो आपलं पान दाखवतच नाही, स्वतःचं पिवळं पान दाखवतो, वर यूआरएलची सगळी यादी येणाऱ्याजाणाऱ्यापुढे मांडतो. डीबग चालू ठेवून साइट लोकांसाठी खुली करणाऱ्याशी ते दोन दिवस बोलत नाहीत. चहा मात्र पाजतात.

सगळ्यात जपतात ते ५००चं पान, सर्व्हरच गडबडला की दिसणारं. पूर्वी आमच्या त्या पानावर वर ग्राहकाचं नाव येत असे, आणि ते डेटाबेसमधून येत असे. एकदा डेटाबेस झोपला, तसं माफी मागायला आलेलं पानच कोसळलं. मास्तर भडकले. "ज्याच्या घरी मयत, त्यालाच चूल पेटवायला लावता? ५००चं पान शेजारच्या पिठलं-भातासारखं हवं. बाहेरून, तयार!" तेव्हापासून ते पान साधं आहे. ना नाव, ना मेनू.

मजकुराबद्दल मात्र ते उदार. पोरांनी ४०४वर 'नीट वाचून टाइप करावे. आम्ही दुपारीही जागे असतो' अशी पाटी लावली, तर हसून म्हणाले, "खोचक चालेल. खोटं नको."

तीन वर्षांपूर्वी ते नारायण पेठेतल्या वाड्यातली भाड्याची जागा सोडून कोथरूडला गेले. जुन्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात नवा पत्ता लिहिला आणि वर मोठ्ठं '३०१' काढलं, म्हणजे कायमचं स्थलांतर. कुरिअरवाले अजून तिसऱ्या मजल्याचा जिना शोधतात. वाडा दुमजली आहे.