पाणी बंद राहील

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला कायद्यानं पदवी लागत नाही. पण मुलुंडमधल्या आमच्या इमारतीत निदान तीन लिप्या वाचता येण्याची अट घालावी, असं माझं मत झालंय. तक्रारवहीत मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी आणि तमिळ एकाखाली एक नांदतात. बोलताना सगळी मंडळी मराठी बोलतात, नाही असं नाही. चौथ्या मजल्यावरच्या मामी तर भाजीवाल्याशी अशा अस्सल मराठीत घासाघीस करतात, की तो बिचारा कोथिंबिरीची जुडी फुकट देऊन सुटका करून घेतो. पण वरच्या गॅलरीतून पाणी गळायला लागलं की मामी वहीत तमिळमध्ये लिहितात. माणसाला राग आईच्या भाषेतच नीट येतो, त्याला सेक्रेटरी काय करणार?

गुजराती तक्रार मला लागते. डोक्यावरची रेघ तेवढी नाही; डोळे बारीक केले की बरीचशी अक्षरं ओळखीची निघतात. तमिळपुढे मात्र हात टेकले. तिथं क, ख, ग, घ या चौघांचा संसार एकाच अक्षरात! म्हणून मामींची तक्रार त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या तमिळ जाणणाऱ्या गृहस्थांकडून वाचून घेतली. लिहिलेल्या ओळी तीन, गृहस्थ वाचत होते पाच मिनिटं. गॅलरीतल्या पाण्यापासून निघालेली तक्रार कबुतरं, जिन्यातला दिवा, लिफ्टमधला पंखा असं करत पार्किंगच्या जागेवर येऊन थांबली. मामींकडे गाडी नाही.

खरी कसोटी लागते ती नोटीस लावताना. टाकी धुवायची होती, मजकूर एका ओळीचा. पण कुणाची भाषा वर, कुणाची खाली, यावर सभा भरली.

“दुकानांच्या पाट्यांचा 2022 चा कायदा वाचा,” एक काका गरजले. “मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.”

“पण काका, सोसायटी म्हणजे दुकान आहे का?”

“कमिटीचा कारभार बघून तसंच वाटतं,” मागून आवाज आला.

शेवटी अध्यक्षांनी खिशातून दहाची नोट काढली. पट्टीत 15 भाषा, वर हिंदी आणि इंग्रजी, एकूण 17. एवढ्याशा कागदावर इतक्या जणी राहतात आणि धक्काबुक्की नाही! कारण क्रम इंग्रजी वर्णमालेचा. आपणही तोच धरू, असं ठरलं. त्या हिशोबानं पहिली गुजराती, मग मराठी, शेवटी तमिळ.

“शेवटी का म्हणून?” मामी उठल्या. “आमच्या नळाला पाणीपण शेवटीच येतं.”

हिंदी-इंग्रजी पट्टीत नसल्यामुळे त्यांना कुठं बसवायचं यावर आणखी अर्धा तास गेला. काकांच्या समाधानासाठी मराठी अक्षरं जाड केली. पाचही भाषांत सुबक नोटीस लागली. टाकी धुवायच्या दिवशी सकाळी दहाला पाणी गेलं आणि त्याच पाच भाषांत एकच सवाल माझ्या दारावर आदळला : आधी सांगायला काय झालं होतं?

त्याच आठवड्यात खजिनदारांनी थकबाकीदारांची यादी फळ्यावर डकवली. तिच्यात भाषाच नव्हती. फ्लॅटचा नंबर आणि पुढे आकडा. रात्री लावली, सकाळपर्यंत भाडेकरूंसकट सगळ्यांची तोंडपाठ. यादीतल्या एका भाईंनी फोन करून ‘मला वाचता येत नाही’ असं सांगितलं, पण पैशांचा आकडा तीनशेनं चुकलाय हेही सांगितलं. चुकला होता खरा.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. त्या सभेत मी सेक्रेटरीपद सोडतोय. इच्छुकांनी आपली नावं तक्रारवहीत कुठल्याही भाषेत लिहावीत. वाचून दाखवायला माणूस आहे. त्यात पार्किंगचा विषय आला तर तो तुमचा धरणार नाही.