वरच्या मजल्यावरच्या शार्कपालकांस



आपल्या हॉलमध्ये लवकरच शार्क नांदायला येणार, ही वार्ता लिफ्टमध्ये कळली आणि ऊर भरून आला. आजवर आपल्या इमारतीत दोन पर्शियन मांजरं आणि एक चावरा पॉमेरेनियन, एवढीच काय ती जीवसृष्टी. आपण एकदम समुद्रातल्या शिकाऱ्यालाच हात घातलात. मी बरोबर आपल्या हॉलखाली राहतो. तेव्हा माझ्या भावना आपण समजू शकाल.

टाकी चार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पाणी मीटरभर, असं वॉचमन सांगत होता. म्हणजे आठ हजार लिटर. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा जड, त्यामुळे वजन आठ टनांच्या वर. काच, वाळू, खडक निराळे. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं-सामानाचा भार भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलो धरतात. मीटरभर पाणी तेवढ्याच जागेवर हजार किलोच्या पुढे जातं. आपल्याकडच्या सत्यनारायणाला पन्नास माणसं जमली तेव्हाही मी छताकडे बघत होतो. पण ती मंडळी निदान प्रसाद घेऊन घरी तरी गेली.

मिठाचं म्हणाल तर लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे पहिल्याच भरणीला 280 किलो. पुढे दरमहा दहावा हिस्सा पाणी बदललंत तरी 28 किलो. गोण्या वर न्यायला मी हातभार लावीन, शेजारधर्म आहे.

पण माझं राहू द्या, पाहुण्याचं बघू. आपल्याला ब्लॅकटिप हवाय म्हणे, तो पंखांना काळी टोकं असलेला. निवड राजेशाही आहे. पूर्ण वाढला की दीड मीटर. कल्ल्यांवरून पाणी वाहतं राहावं म्हणून त्याला पोहतच राहावं लागतं, आणि आपल्या टाकीत शेपटी दोनदा हलवली की काच आली. वळला की पुन्हा काच. आपण सोफ्यावर बसून याला ‘रुबाबदार फेऱ्या’ म्हणाल. सोबतीला सोडलेले रंगीत मासे काही दिवस शोभा देतील, मग फक्त शार्क शोभेल.

त्याच्या नाकाभोवती बारीक छिद्रं असतात, आत जेलीसारखा पदार्थ. वाळूत दडलेल्या माशाच्या अंगातली वीज तो त्यांतून टिपतो, अगदी व्होल्टच्या अब्जांशाच्या पातळीवरची. अशा प्राण्याच्या चहूबाजूंनी आपण पंप, चिलर आणि दिवे लावणार. एखाद्या वायरीतून पाण्यात किंचित वीज झिरपली तर आपल्या बोटाला मुंगीही चावणार नाही. त्याला मात्र रात्रंदिवस मांडवातला लाउडस्पीकर.

टाकीतल्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की दुकानदार तांब्याचं औषध देतो. शार्कला ते सोसत नाही. शिवाय खाणं दांडगं, तसा अमोनियाही दांडगा. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये राहतात आणि त्यांना वाहतं, प्राणवायूचं पाणी लागतं. पावसाळ्यात फीडर उडून चार तास वीज गेली, तर जनरेटर कोण लावणार? सोसायटीचा जनरेटर लिफ्टपुरता आहे, हे आपण सर्वसाधारण सभेत स्वतःच मंजूर केलंत.

थोरामोठ्यांचाही अनुभव सांगतो. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी बे मत्स्यालयाने 2004 मध्ये पांढऱ्या शार्कचं एक पिल्लू ठेवलं. टाकी सुमारे 38 लाख लिटरची, दिमतीला शास्त्रज्ञ. त्याने टाकीतल्या दोन शार्कना मारलं आणि 198 दिवसांनी त्याला समुद्रात सोडावं लागलं. जपानमधल्या ओकिनावाच्या मत्स्यालयात 2016 मध्ये आणलेला मोठा पांढरा शार्क तीन दिवसांत मेला. आपल्याकडे 38 लाख लिटर नाहीत, शास्त्रज्ञही नाहीत. उत्साह मात्र त्यांच्यापेक्षा जास्त आहे, हे मान्य.

हौस मोडवतच नसेल तर बांबू शार्क आहे, असं जाणते सांगतात. तो तळाशी पडून तोंडाने पाणी ओढतो, सतत पोहत नाही. अंड्यातून निघतो तेव्हा वीतभर, फार गोड. याच कुळातल्या मुशी आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या जाळ्यातही येतात. पण तपकिरी पट्ट्यांचा बांबू शार्क मीटरभर वाढतो आणि 25 वर्षं जगू शकतो. आपलं वय मी विचारत नाही. चिरंजीव जर्मनीला निघाले आहेत, तेव्हा वारसाहक्काने तो कोणाकडे येईल एवढं कळवावं. माझ्याकडे पाठवू नये. आमच्या घरी मुशी आली की सोबत खोबरंही किसलं जातं.

आणि ब्लॅकटिपवरच अडून बसला असाल तर तो नोव्हेंबर 2023 पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे. परदेशातून आणायचा तर परवाने लागतील. दलालाचं ‘होऊन जाईल साहेब’ हे कागदपत्र नव्हे.

तेव्हा एकच विनंती. ऑर्डर देण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅबचा लेखी दाखला आणावा आणि त्याची एक प्रत खालच्या मजल्यावर द्यावी. तो मिळाला नाही, तर शंभरेक लिटरची टाकी घेऊन त्यात क्लाउनफिशची जोडी सोडावी. बघायला मी स्वतः येईन, चहाही पिईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खालच्या मजल्यावरचा शेजारी